ग्रीष्मनिद्रा व शीतनिद्रा : अन्नावाचून दिवस काढणारे प्राणी

(परिसर अभ्यास शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

विषयप्रवेश

बोर्ली पंचतनच्या आसपास मे महिन्याच्या अखेरीस फिरणाऱ्या माणसास भाताची खाचरे रिकामी व भेगाळलेली दिसतात. कातळावरील गवत वाळून पिवळे पडलेले असते. पऱ्ह्यांमधील पाणी आटून नुसते गोटे उरलेले असतात. ह्या तापलेल्या भूमीवर बेडूक दिसत नाही, गोगलगाय दिसत नाही आणि शेताच्या बांधावरील खेकडाही दृष्टीस पडत नाही. पुढे जूनच्या आरंभी एखाद्या सायंकाळी आभाळ भरून येते, पाऊस कोसळतो आणि त्याच रात्री ती खाचरे बेडकांच्या आवाजाने दुमदुमून जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तो पिवळेधमक झालेले मोठे बेडूक पाण्यात उड्या घेत असतात आणि बांधावर खेकडे हिंडत असतात.

एका रात्रीत हे सारे जीव आले कोठून? हा प्रश्न दरवर्षी मुलांच्या मनात उभा राहतो. उन्हाळ्याची सुटी संपवून मुले जूनच्या मध्यास शाळेत येतात, तेव्हा हा चमत्कार त्यांनी नुकताच पाहिलेला असतो. म्हणून ह्या पाठास वर्षारंभाइतका योग्य काळ दुसरा नाही.

मुलांची उत्तरे दोन प्रकारची असतात. बेडूक पावसाबरोबर आभाळातून पडतात, असे काही सांगतात. बेडूक उन्हाळ्यात मरतो, त्याची माती होते आणि पाऊस पडला की तो पुन्हा जिवंत होतो, असे काहींनी घरी ऐकलेले असते. शिक्षकाने ह्या उत्तरांस हसू नये. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक मंडूकसूक्त आहे. त्यात दीर्घकाळ निपचित पडून राहिलेल्या व पावसाच्या आगमनाबरोबर बोलू लागलेल्या बेडकांचे वर्णन आहे. योगसूत्रांच्या भाष्यावर टीका लिहिणाऱ्या वाचस्पती मिश्रांनीही, माती झालेला बेडकाचा देह पावसाने पुन्हा बेडूक होतो, असा दृष्टांत दिला आहे. म्हणजे मुलांचे निरीक्षण जुन्या विद्वानांच्या निरीक्षणाइतकेच खरे आहे. चूक आहे ती केवळ त्यावरून काढलेल्या निष्कर्षात. बेडूक आभाळातून पडला नाही व मेलाही नव्हता. तो सारा उन्हाळाभर आपल्या पायांखालच्या जमिनीतच होता.

ह्या अवस्थेस ग्रीष्मनिद्रा असे म्हणतात. थंड प्रदेशातील प्राणी हिवाळ्यात अशाच अवस्थेत राहतात, तीस शीतनिद्रा म्हणतात. आता खरा प्रश्न पुढे येतो. माणसास अन्नावाचून काही आठवडे व पाण्यावाचून थोडेच दिवस काढता येतात. मग हे प्राणी कित्येक महिने कसे काढतात?

आगोटीची बेगमी

ह्या प्रश्नाचे निम्मे उत्तर रायगडच्या किनाऱ्यावरील प्रत्येक घरात आहे. आगोटीपूर्वी घरोघर बेगमी केली जाते. तांदूळ, डाळी, मीठ, आमसुले, सुके बोंबील, सुकट, पापड, लाकूडफाटा व गोवऱ्या कोरड्या जागी भरून ठेवल्या जातात. मासेमारी बंद असते, सरपण भिजलेले असते, बाजारास जाणे अवघड होते. त्या दिवसांची ही तरतूद होय.

बेडूकही बेगमी करतो. मात्र त्याचे वर्ष आपल्या उलट चालते. माणूस उन्हाळ्यात साठवितो व पावसाळ्यात खातो. बेडूक पावसाळ्यात खातो व उन्हाळ्यासाठी साठवितो. जून ते सप्टेंबर ह्या काळात, कोकणातील जवळजवळ सर्व पाऊस पडून जातो तेव्हा, शेतांत कीटक, अळ्या व गांडुळे विपुल असतात. बेडूक ते खाऊन लठ्ठ होतो. त्याच्यापाशी कणगी नाही की फडताळ नाही. त्याचा साठा त्याच्या शरीरातच, मुख्यतः चरबीच्या रूपाने, राहतो. बेडकाच्या पोटात मूत्रपिंडांजवळ बोटांसारखे फाटे असलेले पिवळे मेदपिंड असतात. पावसाळा संपता संपता ते भरलेले असतात व उपवासाच्या काळात ते हळूहळू रिते होतात.

साठा चरबीचाच का, हेही समजावून देण्यासारखे आहे. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून शरीरास सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. एक ग्रॅम चरबीपासून सुमारे ९ मिळते. थोड्या वजनात अधिक साठा मावतो. शिवाय एक ग्रॅम चरबी शरीरात जळली म्हणजे एक ग्रॅमहून किंचित अधिक पाणी तयार होते. ज्यास अन्न नाही व पाणीही नाही, अशा प्राण्यास ह्यापरती सोयीची शिदोरी कोणती?

परंतु हे निम्मेच उत्तर आहे. केवळ चरबी साठवून सात महिने निघत नाहीत. नेहमीप्रमाणे उड्या मारणारा बेडूक तेवढ्याच चरबीवर राहिला, तर ती केव्हाच संपून जाईल. उत्तराचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे.

वात बारीक करणे

कंदिलात तेल थोडे उरले असता घरातील वडीलधारी माणसे वात बारीक करतात. उजेड कमी होतो. पण कंदील विझत नाही व तेच तेल पहाटेपर्यंत पुरते. निद्रिस्त प्राणी हेच करतात. त्यांचे खरे कौशल्य साठविण्यापेक्षा खर्च उतरविण्यात आहे.

प्राणी स्वस्थ बसला तरी त्याच्या शरीरात खर्च चालूच असतो. हृदय रक्त ढकलत असते, श्वास चालू असतो, पेशींची झीज भरून काढली जात असते. ग्रीष्मनिद्रेत हे सर्व व्यवहार मंदावतात. हृदयाचे ठोके विरळ होतात. फुप्फुसांचे काम जवळजवळ थांबते आणि बेडूक आपल्या ओलसर त्वचेतूनच लागेल तेवढा थोडा प्राणवायू घेतो. अन्नमार्गास काम नसल्याने त्याच्या आतील अस्तरही बारीक होते. जमिनीत निजणाऱ्या ऑस्ट्रेलियातील बेडकांची मोजमापे घेतली असता, स्वस्थ बसलेल्या बेडकाच्या मानाने निद्रिस्त बेडकाचा खर्च सुमारे एक पंचमांशापर्यंत उतरलेला आढळला आहे.

ह्याचा अर्थ मुलांस एका सोप्या उदाहरणाने समजेल. समजा, एखाद्या बेडकाच्या अंगात स्वस्थ बसून सहा आठवडे पुरेल इतकी चरबी आहे. खर्च एक पंचमांश केला तर तीच चरबी तीस आठवडे पुरेल. ऑक्टोबरच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत साधारण एकतीस आठवडे भरतात. हिशेब जवळजवळ बरोबर जुळतो. हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. परंतु निसर्गातील जमाखर्चाची रीत हीच आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘निद्रा’ हा शब्द आपण सोयीसाठी वापरतो. रात्रीच्या झोपेत शरीराचा खर्च थोडाच कमी होतो व माणूस हाकेसरशी जागा होतो. ग्रीष्मनिद्रा अथवा शीतनिद्रा ही त्याहून फार खोल अवस्था होय. त्यातून बाहेर येण्यास प्राण्यास वेळ लागतो व शक्तीही खर्चावी लागते.

पाण्याचा प्रश्न

थंड प्रदेशात हिवाळ्याची मुख्य अडचण अन्नाची असते. कोकणातील उन्हाळ्याची मुख्य अडचण पाण्याची आहे. बेडकाची त्वचा पातळ असते. तीतून जसा प्राणवायू आत येतो, तसेच पाणी बाहेर जाते. वैशाखाच्या उन्हात उघड्यावर सापडलेला बेडूक उपासमारीच्या फार आधी सुकून मरेल. म्हणून प्रत्येक प्राण्याने अन्नाबरोबरच ओलाव्याचीही व्यवस्था केलेली असते. आपल्या परिसरातील काही उदाहरणे अशी आहेत :

बेडूक. डराव डराव करणारा मोठा बेडूक चिखलात, बिळांत, दगडांखाली वा मुळांच्या आडोशास शिरतो. बेडकांच्या काही जाती स्वतः जमीन खणतात. त्यांच्या मागच्या पायाच्या तळव्यावर फावड्याच्या पात्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्याने माती बाजूस सारीत बेडूक पाठीकडून खाली खाली उतरतो व वरची माती त्याच्यावर आपोआप मिटते.

गोगलगाय. पाण्यात राहणाऱ्या शंखाच्या गोगलगाईजवळ स्वतःचे झाकण असते. डबके आटू लागले की ती चिखलात शिरते व झाकण घट्ट लावून घेते. जमिनीवरील गोगलगाईस झाकण नसते. ती शंखाच्या तोंडाशी चिकट स्राव पसरते. तो वाळून कागदासारखा पडदा तयार होतो. ह्या पडद्याआड गोगलगाय किती काळ टिकू शकते, ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ईजिप्तमधील वाळवंटी गोगलगाईचा एक शंख रिकामा समजून १८४६ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवला होता. १८५० साली कोणाच्या तरी लक्षात आले की शंखाच्या तोंडाशी पडदा आहे. तो शंख कोमट पाण्यात ठेवताच आतील गोगलगाय बाहेर आली. चार वर्षे ती अन्नपाण्यावाचून जिवंत होती.

खेकडा. शेताच्या बांधावरील व ओढ्याकाठच्या खेकड्यास श्वासासाठी कल्ले असतात व ते ओले राहिले तरच त्याचा श्वास चालतो. म्हणून तो आपले बीळ ओलसर मातीपर्यंत नेतो व तेथे फारशी हालचाल न करता पावसाची वाट पाहतो.

गांडूळ. वरची माती वाळू लागली की गांडूळ खोल जाते. काही जाती मातीत लहानशी पोकळी करून तिला आतून चिकट स्रावाचा लेप देतात व स्वतःची गाठ वळून तीत पडून राहतात. गाठ वळल्याने शरीराचा कमीत कमी भाग उघडा राहतो.

वनस्पतींतही हीच रीत आढळते. पावसाच्या आरंभी रानातून आणली जाणारी शेवळाची भाजी मुलांना ठाऊक असते. शेवळाचा कंद उन्हाळाभर जमिनीत साठा सांभाळून असतो आणि पावसाच्या ओलाव्याबरोबर त्यास कोंब फुटतो.

हे सारे पंचांग पाहून चालत नाही, हेही मुलांस दाखविता येते. बोर्ली पंचतनहून दिवेआगर अथवा श्रीवर्धनकडे गेले की सुपारीच्या वाड्या लागतात. तेथे दाट सावली असते व उन्हाळाभर झाडांना शिंपणे चालू असते. अशा वाडीत मे महिन्यातही पाटाच्या कडेस बेडूक व ओल्या पाल्याखाली गोगलगायी हिंडताना दिसतात. त्याच दिवशी वरच्या उघड्या कातळावर मात्र एकही दिसत नाही. महिना एकच, गाव शेजारचे. फरक आहे तो ओलाव्याचा. ज्यास ओलावा व अन्न मिळते, त्यास वात बारीक करण्याचे कारणच पडत नाही.

थंड प्रदेशातील शीतनिद्रा

आपल्या अंगणातील उदाहरण समजल्यावर दूरच्या प्रदेशाकडे वळावे. लडाखमध्ये व हिमालयाच्या उंच पठारांवर मार्मोट नावाचा खारीच्या कुळातील मोठा प्राणी राहतो. तो उन्हाळ्यात गवत खाऊन लठ्ठ होतो व हिवाळ्याचे अनेक महिने बिळात काढतो. हिमालयातील तपकिरी अस्वलही हिवाळ्यात गुहेत जाऊन पडते.

अस्वलाची रीत विशेष अभ्यासण्यासारखी आहे. अलास्कातील काळ्या अस्वलांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की शीतनिद्रेत अस्वलाचे तापमान ३० ते ३६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते, म्हणजे ते फारसे उतरत नाही. परंतु शरीराचा खर्च मात्र स्वस्थ बसलेल्या अस्वलाच्या सुमारे एक चतुर्थांश होतो. हृदयाचे ठोके मिनिटास सुमारे ५५ वरून सुमारे १४ वर येतात. ह्या अवस्थेत अस्वल महिनोन् महिने खात नाही, पीत नाही व मलमूत्र विसर्जनही करीत नाही. मूत्रातून जावयाचा युरिया त्याचे शरीर पुन्हा कामास लावते व त्यातून प्रथिने घडविते. टाकाऊ वस्तूही जेथे उपयोगात आणली जाते, अशी ही काटकसर होय.

लहान प्राणी ह्याहूनही पुढे जातात. उत्तर ध्रुवाकडील जमिनीवर राहणाऱ्या एका खारीचे शरीर शीतनिद्रेत गोठणबिंदूच्याही खाली, उणे २.९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड होते, असे १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. असे असूनही तिचे रक्त गोठत नाही. मात्र अशा लहान प्राण्यांना दर दोन-तीन आठवड्यांनी काही तास जागे होऊन अंग पुन्हा तापवावे लागते. हिवाळ्यासाठी साठविलेल्या चरबीचा बराच मोठा भाग ह्या जागे होण्यातच खर्ची पडतो. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

शीतनिद्रा ही केवळ थंडीची गोष्ट आहे असाही समज होऊ देऊ नये. मादागास्कर ह्या उष्ण बेटावर जाड शेपटीचा एक लहान लेमूर राहतो. तेथील कोरड्या ऋतूत तो झाडाच्या ढोलीत सुमारे सात महिने निद्रिस्त राहतो व त्या काळासाठीची चरबी शेपटीत साठवितो. उलटपक्षी, प्रत्येक अस्वल निजतेच असेही नाही. महाराष्ट्रातील मेळघाट व ताडोबा येथील जंगलांत राहणारे अस्वल शीतनिद्रा घेत नाही. कारण त्यास वाळवी, मुंग्या व फळे ह्यांपैकी काही ना काही वर्षभर मिळत असते. चित्रांच्या पुस्तकांतील परदेशी अस्वलावरून मुलांनी केलेली समजूत येथे सुधारून घ्यावी.

जागे होण्याची किंमत

आता आपण पुन्हा कोकणातील पहिल्या पावसाच्या रात्रीकडे येऊ. पाऊस जमिनीत मुरतो, माती मऊ होते व बेडूक वर येतो. त्या वेळी त्याची स्थिती कशी असते? सात महिन्यांच्या उपवासाने त्याचा साठा अगदी तळाशी गेलेला असतो. परंतु तो आधी पोट भरण्याच्या मागे लागत नाही. पहिल्या जोरदार पावसानेच तात्पुरती डबकी भरतात. त्याच वेळी अंडी घातली तरच पिल्लांना पाणी आटण्यापूर्वी वाढण्यास पुरेसे दिवस मिळतात. म्हणून नर रात्रभर ओरडून मादीस बोलावितात. उरलेली शक्ती ते ह्या आवाजात खर्च करतात. मादीच्या पोटातील अंडी तर गेल्या पावसाळ्यात साठविलेल्या चरबीवरच पोसलेली असतात. एकेक मादी हजारो अंडी घालते.

नेमक्या ह्याच रात्री त्यांच्यावर संकट येते. बेडूक रस्ता ओलांडताना वाहनांखाली चिरडले जातात. आवाजाच्या अनुरोधाने जाऊन त्यांना पकडणे सोपे असल्याने कोठे कोठे ते मारलेही जातात. मुले गंमत म्हणून दगड मारतात. खेकड्यांचेही तसेच आहे. पहिल्या पावसात विजेऱ्या घेऊन खेकडे पकडण्याची रीत गावोगाव आहे व ते अनेक घरांचे आवडीचे अन्न आहे. परंतु शेतातील खेकड्याची मादी आपली अंडी व पिल्ले पोटाखालच्या पडद्यात बाळगते. अशी एक मादी टोपलीत गेली, तर तिच्याबरोबर सारा वेताचा वंश जातो.

बेडकाचे महत्त्व देशाने एकदा मोठी किंमत देऊन ओळखले आहे. बेडकांचे पाय परदेशी पाठविण्याचा मोठा व्यापार एके काळी भारतातून चालत असे. शेतातील कीटक खाणारा हा प्राणी झपाट्याने कमी होऊ लागल्याने भारत सरकारने १९८७ साली ह्या निर्यातीवर बंदी घातली. आज व्यापार बंद असला, तरी पहिल्या पावसाच्या रात्री एखाद्या खाचरातील बेडूक राखणे अथवा मारणे हे त्या गावच्या लोकांच्याच हाती आहे.

निद्रिस्त प्राण्यास उन्हाळ्यात उकरून काढणे हेही तितकेच घातक ठरते. त्यास पुन्हा मातीत टाकले म्हणजे झाले, असे नव्हे. अवेळी जागे होण्यात त्याची शिल्लक खर्ची पडते, हे आपण उत्तरेकडील खारीच्या उदाहरणात पाहिले. ती शिल्लक भरून काढण्यास मे महिन्याच्या कोरड्या जमिनीवर त्यास काहीच मिळत नाही.

वर्गातील पाठ : एक नमुना

इयत्ता चौथी-पाचवीसाठी पाठाचा आरंभ पुढीलप्रमाणे करता येईल.

गुरुजी : आगोटीच्या आधी घरी काय काय भरून ठेवतात?
मुले : तांदूळ, डाळ, सुकट, बोंबील, लाकडे.
गुरुजी : कणगीतले तांदूळ पावसाळाभर पुरावेत म्हणून आई काय करते?
एक मुलगी : रोज मापून काढते.
गुरुजी : बेडकाजवळ कणगी नाही. मग उन्हाळ्यासाठी तो अन्न कोठे ठेवीत असेल?
एक मुलगा : पोटात.
गुरुजी : काल जेवलेले अन्न आज तुझ्या पोटात आहे का?
मुलगा : नाही गुरुजी. सकाळीच भूक लागली.
गुरुजी : मग बेडकाचा साठा पोटात कसा टिकेल?
एक मुलगी : अंगात राहत असेल. माणूस जाडा होतो तसा.
गुरुजी : बरोबर. त्यास चरबी म्हणतात. आता सांगा, मोबाईलची बॅटरी संपत आली आणि गावात वीज नसली, तर घरी काय करतात?
मुले : उजेड कमी करतात. गाणी बंद करतात. फोन बाजूला ठेवून देतात.
गुरुजी : बेडूक जमिनीत जाऊन हेच करतो. कोणकोणती कामे तो कमी करीत असेल?

ह्या शेवटच्या प्रश्नावर मुलांना पुरेसा वेळ द्यावा. उड्या मारणे, ओरडणे, खाणे, श्वास, हृदयाचे ठोके अशी यादी फळ्यावर मुलांच्या तोंडूनच तयार व्हावी. ‘ग्रीष्मनिद्रा’ हा शब्द यादी पूर्ण झाल्यानंतरच द्यावा. आधी अनुभव व मग नाव, हा क्रम मोडू नये.

मुलांकडून करून घ्यावयाच्या कृती

१. प्रत्येक मुलाने स्वस्थ बसून एक मिनिटातील नाडीचे ठोके मोजावे. मग पटांगणास दोन फेऱ्या धावून पुन्हा मोजावे. दोन्ही आकडे वहीत लिहावे. काम वाढले की खर्च कसा वाढतो, हे ह्यावरून समजेल व त्याच्या उलट विचार करण्यास मुले आपण होऊन प्रवृत्त होतील.

२. उन्हाळ्याची सुटी लागण्यापूर्वी एके दुपारी शिक्षकाने शाळेच्या आवारात हातभर खोल खड्डा घ्यावा. तापमापकाने जमिनीच्या पृष्ठभागाचे व खड्ड्याच्या तळाचे तापमान घ्यावे. वरची व खालची माती मुलांनी हातात घेऊन ओलावा पाहावा. प्राणी जमिनीतच का शिरतात, ह्याचे उत्तर हातास कळेल.

३. शाळा सुरू झाल्यावर ‘पहिल्या पावसाची नोंद’ असा तक्ता वर्गात लावावा. पहिला मोठा पाऊस, बेडकांचा पहिला आवाज, पहिला खेकडा, पहिली गोगलगाय व शेवळाचा पहिला कोंब कोणत्या तारखेस आढळला, हे मुलांनी घरच्यांना विचारून भरावे. दरवर्षीचे तक्ते जपून ठेवावेत. पाचसहा वर्षांचे तक्ते एकत्र झाले म्हणजे गावाची एक उपयुक्त नोंद तयार होईल.

४. सुपारीची वाडी व उघडा माळ ह्यांस एकाच दिवशी भेट द्यावी. दोन्ही ठिकाणी दिसलेल्या प्राण्यांची यादी शेजारी शेजारी लिहावी.

सावधगिरीच्या सूचना पाठाबरोबरच द्याव्यात. कोणत्याही बिळात हात घालू नये. बेडकाच्या बिळात साप असू शकतो. आपल्या भागात घोणस, मण्यार, नाग व फुरसे हे विषारी साप आढळतात. गोगलगाईस उघड्या हातांनी शिवू नये. चुकून स्पर्श झाल्यास हात साबणाने स्वच्छ धुवावेत. अभ्यासासाठी कोणताही प्राणी उकरून काढू नये व बाटलीत कोंडू नये. जे वर आलेले आहे तेवढेच पाहावे आणि जेथे पाहिले तेथेच सोडावे.

समारोप

ह्या पाठातून मुलांच्या मनावर दोन गोष्टी ठसाव्यात. पहिली ज्ञानाची : अन्न नसताना जगण्याची युक्ती मोठ्या साठ्यात नसून खर्च कमी करण्यात आहे, आणि ह्या युक्तीचा आधार बर्फातील अस्वलास आहे, तसाच बोर्ली पंचतनच्या खाचरातील बेडकासही आहे. दुसरी वर्तनाची : पहिल्या पावसात समोर दिसणारा बेडूक वर्षभराची शिल्लक घेऊन आलेला असतो व ती पुढील पिढीवर खर्च करण्यास निघालेला असतो. त्यास त्या रात्री वाट द्यावी. अंडी-पिल्ले असलेली खेकड्याची मादी टोपलीत आली, तर तिला पुन्हा बांधावर सोडावे.

मुले हे घरी सांगतात. वर्गात शिकलेली गोष्ट रात्री विजेरी घेऊन निघालेल्या वडिलांपर्यंत व काकांपर्यंत जाते. एखाद्या मुलाने “बाबा, ही पोटाखाली पिल्ले असलेली आहे, हिला सोडा” असे म्हटले आणि वडिलांनी ती सोडली, तर तो पाठ पूर्णपणे शिकविला गेला असे शिक्षकाने समजावे.